बटाटे सोलणारी बाई

गरिबी टांगायची तर भिंत मोठी लागते, हे मला अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या त्या व्हिलात कळलं. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या समोर सोनेरी चौकटींतली पाच चित्रं होती. पहिल्यात पांढरी टोपी घातलेली बाई खिडकीशी बसून बटाटे सोलत होती. दुसऱ्यात तशीच टोपी, तशीच खिडकी, फक्त मांडीवर बाळ. तिसऱ्यात म्हातारा, म्हातारी आणि चार मुलं एकाच थाळीभोवती हात जोडून बसली होती. चौथ्यात एक मुलगी मांजराला बशीतून दूध पाजत होती. पाचवं काय होतं ते आता आठवत नाही. खिडकी होती एवढं नक्की.

"एकोणिसाव्या शतकातलं हॉलंड," वहिनी म्हणाल्या. "खेड्यातलं साधं, घरगुती आयुष्य. बघितलं की कसं शांत वाटतं ना, टीचर?"

वहिनी म्हणजे त्या घराच्या मालकीण. त्यांच्या मुलाला मी शाळेत चित्रकला शिकवली होती, म्हणून मी टीचर. मिस्टरांचा बांधकामाच्या सामानाचा धंदा. ट्युलिप बघायला म्हणून दोघं युरोपला गेले आणि येताना ही चित्रं लिलावात घेऊन आले. तीन ओरिजिनल, दोन कॉपी. कुठली कुठली, ते वहिनी सांगत नसत. बहुधा त्यांनाही माहीत नसावं.

त्यांचा बेत असा होता. मराठी मंडळातल्या बायकांना एका शनिवारी दुपारी बोलवायचं, मी चित्रांवर अर्धा तास बोलायचं, आणि मग पडदा सरकवून त्याच चित्रांचे सजीव देखावे दाखवायचे. गणपतीत करतात तसे. फक्त अफझलखानाच्या जागी बटाटे.

मी हो म्हटलं. का म्हटलं, ते लपवण्यात अर्थ नाही. निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत दुबईत अल कुसैसच्या माझ्या फ्लॅटमध्ये मला कुणी 'बोला' असं म्हटलं नव्हतं. शिवाय ही चित्रं माझी जुनी. कॉलेजच्या लायब्ररीत असल्या चित्रांचं एक जाड पुस्तक होतं, ते मी इतक्या वेळा उघडलं की त्याच्या पुठ्ठ्यावरचं कापड सुटलं. डावीकडून येणारा राखाडी उजेड, मातीची जमीन, कोपऱ्यात काढून ठेवलेले लाकडी जोडे. त्या वयात मला वाटायचं, सत्य म्हणतात ते हेच.

सत्य कसलं! मी रायगडातल्या खेड्यात वाढले. आमच्याकडे ओलं लाकूड जळायचं आणि आईचे डोळे बाराही महिने लाल असायचे. तिच्या लुगड्याला धुराचा वास होता, धुतल्यावरसुद्धा. त्या चित्रांत चुलीवर भांडं आहे, खाली विस्तव आहे, आणि बाईची टोपी मात्र इस्त्रीवाल्याकडून आत्ता आल्यासारखी. कुणी खोकत नाही. बाळाच्या नाकाला शेंबूड नाही. कुणी कुणावर ओरडत नाही, आणि एका थाळीत सहाजण जेवत असताना हे कसं जमतं ते चित्रकारालाच ठाऊक. तो शहरातून यायचा, एखाद्या झोपडीत घरधनिणीला खिडकीशी बसवायचा, आणि ते चित्र शहरातल्या नाहीतर सातासमुद्रापारच्या पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यात जायचं. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी मुलांना तीस वर्षं 'साधेपणाचं सौंदर्य' शिकवलं.

माझ्या लेकीला बेत सांगितला. ती इथेच वाढलेली, मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते. "आई, दॅट्स पॉव्हर्टी कॉस्प्ले," ती लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाली. गरिबीचं सोंग, असा त्याचा अर्थ.

"कलेबद्दलचा कार्यक्रम आहे तो."

"शुअर."

कपडे शिवायला वहिनींनी मला शारजात रोल्लाच्या एका टेलरकडे पाठवलं. पेशावरचा म्हातारा माणूस. नव्या कोऱ्या एप्रनवर ठिगळं लावायची म्हटल्यावर त्याने एप्रन उजेडात धरून उलटसुलट पाहिला. "मॅडम, फटा कहाँ है?"

"फटा नहीं है. ऐसे ही लगाना है. डिझाइन है."

"नये कपड़े पे पैबंद," तो स्वतःशीच म्हणाला. मग मोठा श्वास सोडून, "इन्शाल्ला, हो जाएगा." ठिगळं त्याने इतकी सुबक लावली की ती भरतकामासारखी दिसायला लागली. वहिनींना आवडली.

तालमीला सहा बायका आल्या. बाळवाल्या चित्रासाठी चौघी तयार. म्हातारीच्या भूमिकेसाठी एकही नाही. शेवटी म्हातारी रद्द झाली आणि थाळीभोवती एक तरुण आजी आली, केस स्ट्रेट केलेली. बटाट्यांचं चित्र वहिनींनी आधीच स्वतःकडे ठेवलं होतं. त्या खिडकीशी बसल्या, एका हातात बटाटा, दुसऱ्या हातात पीलर.

"पीलर नाही चालणार वहिनी. चित्रात सुरी आहे."

"आपा!" त्यांनी आत हाक मारली. "सुरी आणा ना एक. छोटी."

आपा म्हणजे त्या घरात स्वयंपाक करणाऱ्या बाई. रत्नागिरीजवळच्या खेड्यातल्या, नवरा वारल्यावर आखातात आलेल्या, या घरात अकरा वर्षं. वय माझ्याएवढंच असेल. घरातलं लहानमोठं सगळं माणूस त्यांना आपा म्हणायचं. त्या सुरी घेऊन आल्या, ओढणीला हात पुसले, आणि परत न जाता चित्रासमोर उभ्या राहिल्या.

"टीचर, या बाईने बटाटा चुकीचा धरलाय," त्या म्हणाल्या.

"चुकीचा म्हणजे?"

"असा धरला तर सुरी थेट अंगठ्यावर येईल. आणि सोललेला टाकते कुठे? पाण्याचं भांडंच नाही. काळे पडतील की सगळे."

मी बघितलं. भांडं नव्हतं. तासभर मी त्या चित्रापुढे उभी राहून खिडकीचा उजेड बाईच्या कपाळावरून मनगटावर कसा उतरतो ते समजावत होते. भांडं नाही हे मला दिसलं नव्हतं. चित्रकारालाही दिसलं नसणार. त्याने बटाटा फक्त उकडलेला पाहिला असेल. बाकीच्या बायका हसल्या. "आपा, तुम्हीच द्या लेक्चर!" कुणीतरी म्हणालं. आपा हसल्या नाहीत. त्या कामाचं बोलत होत्या.

शनिवारी दुपारी साठेक बायका जमल्या. व्हिलाच्या दाराशी गाड्यांची रांग, आत एसी इतका की शाली निघाल्या. माझं भाषण झालं. 'श्रमाची प्रतिष्ठा' हा शब्द मी तीनदा वापरला. मुलाने शिकलेला पाढा म्हणावा तसा. टाळ्याही पडल्या.

पडदा उघडायला दहा मिनिटं असताना वहिनींचा अंगठा कापला. आपांनी सांगितलं होतं नेमकं तिथेच. जखम फार नव्हती, पण रक्त पांढऱ्या एप्रनवर पडलं आणि वहिनींना चक्कर आल्यासारखं झालं. त्यांना सोफ्यावर बसवलं, कुणी ज्यूस आणला, कुणी बँडेज. मग त्यांची नजर दारातून डोकावणाऱ्या आपांवर गेली.

"आपा, तुम्ही बसा ना! पाचच मिनिटं."

"मॅडम, वडे तळायला घेतलेत."

"वडे बघेल कुणीतरी. प्लीज हं, यल्ला, पटकन."

आपांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणायला हवं होतं की पहिलं चित्र राहू द्या, चार पुरेत. मी म्हटलं, "चला, मी तयार करते."

आतल्या खोलीत मी त्यांना झगा चढवला आणि रक्ताचा डाग आत दुमडून वर ठिगळांचा एप्रन बांधला. झगा वहिनींच्या मापाचा, त्यांना खांद्यात तंग होत होता. ओढणी काढायला त्या तयार नव्हत्या, म्हणून मी ती मानेमागे खोचून वर टोपी बांधली. लाकडी जोडे पायात घालून त्या दोन पावलं चालल्या.

"खुपतात हो."

"चालायचं नाहीये. नुसतं बसायचं. नजर खाली ठेवा. हलू नका," मी म्हटलं. हे तीन हुकूम मी वर्गात मॉडेलला द्यायचे त्याच आवाजात दिले.

स्टुलावर बसण्याआधी त्या थांबल्या. "भांडं," त्या म्हणाल्या, आणि स्वतः जाऊन पाण्याने भरलेलं स्टीलचं पातेलं घेऊन आल्या. हॉलंडच्या झोपडीत स्टीलचं पातेलं. मी ते पिशवीच्या कापडाने झाकलं.

पडदा उघडला. देखाव्यात स्तब्ध राहायचं असतं, पण हातात सुरी आणि बटाटा देऊन आपांना स्तब्ध बसायला सांगणं म्हणजे पोहणाऱ्याला पाण्यात टाकून बुडू नको म्हणणं. क्षणभर त्या थांबल्या, आणि मग सोलायला लागल्या. साल एका लांब पट्टीत सुटत होती. बटाटा पातेल्यात पडला की पाण्याचा आवाज व्हायचा. त्यांनी वर बघितलं नाही. पाच मिनिटांत दहा बटाटे झाले. साठ बायका खुर्च्यांत पुढे सरकून बघत होत्या, आणि खरं सांगायचं तर मलाही ते फार सुंदर वाटलं. त्या वाटण्याची मला आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

"किती नॅचरल!" माझ्या शेजारची म्हणाली.

"तिला ॲक्टिंग कुठे करायला लागली," तिची मैत्रीण म्हणाली आणि दोघींनी फोन वर धरले.

उरलेले देखावे झाले. बाळाच्या जागी बाहुली होती, मांजराच्या जागी भुसा भरलेलं मांजर. मी आत गेले तेव्हा आपा टोपी काढून वडे तळत होत्या. झगा तसाच अंगावर होता.

"टीचर, ते फोटो कुठे जाणार?"

"मंडळाच्या ग्रुपवर जातील."

त्यांनी झारा ठेवला. "माझ्या लेकीचं लग्न ठरलंय. सासरच्या लोकांना सांगितलंय, आई अबुधाबीला मोठ्या घरातलं किचन सांभाळते. खोटं नाही ते. आता ठिगळांचे कपडे, पायात लाकूड, हे बघितलं तर काय म्हणतील? मॅडमना सांगा ना, मला काढा त्यातून."

"सांगते," मी म्हटलं.

आणि सांगितलंही. वहिनी फुलांचे गुच्छ घेत उभ्या होत्या. "अहो टीचर, सगळ्यांत तिचाच बेस्ट आलाय!"

"तिला नकोय तो पाठवायला."

"लाजते हो ती. बघू नंतर." त्या पुढच्या पाहुणीकडे वळल्या. मी तिथेच उभी राहिले, कुणीतरी डिश पुढे केली, मी वडा उचलला. एवढाच माझा लढा.

तीन दिवसांनी सकाळी वहिनींचा फोन. आवाज रडवेला आणि रागावलेला. "टीचर, तुम्ही या बाई. आपा स्वयंपाकच करत नाहीये. नुसती बसून आहे."

लेकीने मला गाडीने नेलं. दीड तासात ती एक शब्द बोलली नाही, आणि ते इंग्रजीपेक्षा वाईट होतं.

फोटो मंडळाच्या ग्रुपवरून शारजातल्या कुणाकडे, तिथून रत्नागिरीतल्या कुणाकडे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गावातल्या प्रत्येक फोनवर पोचला होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, दुबईत आपल्या बायकांना असं ठेवतात. आपांच्या लेकीने रडून रडून फोन केले होते. आपा किचनमध्ये खुर्चीवर बसल्या होत्या, समोर टेबलावर फोन. मी त्यांना त्या घरात खुर्चीवर बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

"मॅडमनी माझ्या लेकीशी बोलायचं," त्या मला म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मग मी उठते."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचा फोन आपांपुढे सरकवला. व्हिडिओ कॉल लागला. पडद्यावर बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, डोळे सुजलेले, मागे हिरवी भिंत.

"हे बघ बेटा," वहिनी म्हणाल्या, "ते नाटक होतं. म्हणजे हॉलंड म्हणून देश आहे ना, तिथे पूर्वी गरीब लोक असायचे. त्यांची फार सुंदर चित्रं आहेत. तसं आम्ही करून दाखवलं."

"मग माझ्या आईला कशाला बसवलं?"

"अगं, मीच बसणार होते. माझा अंगठा कापला."

"तुमचा अंगठा कापला म्हणून तिला."

"तसं नाही गं. ती इतकी छान दिसत होती, इतकी नॅचरल..."

"छान दिसते ना? मग तिचा चांगल्या कपड्यातला फोटो पाठवा. अकरा वर्षं तुमच्याकडे आहे. एक तरी असेल."

वहिनींनी स्वतःचा फोन उचलला आणि खरोखरच शोधायला लागल्या. बोट वर सरकत होतं, वर, वर. मी शेजारून बघत होते. वाढदिवसाच्या केकमागे एक हात, बांगड्यांवरून आपांचा. दिवाळीच्या फोटोत अर्धी पाठ, हातात ट्रे. पूलपार्टीत टॉवेल धरलेली, चेहरा कापलेला. मुलगी पलीकडे वाट पाहत होती. वहिनींनी फोन पालथा ठेवला.

"नाही ना," मुलगी म्हणाली.

मग आपांनी फोन माझ्याकडे फिरवला. "ह्या टीचर. ह्यांनी टोपी बांधली."

"तुम्ही शिकलेल्या आहात ना?" मुलीने विचारलं.

"हो."

"मग?"

तीस वर्षं मी वर्गात प्रश्न विचारले. एवढा छोटा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "चुकलं माझं," आणि तिने मान हलवली, माफ केल्यासारखी नाही, नोंद घेतल्यासारखी.

वहिनींनी ग्रुपवरचा फोटो डिलीट केला, मुलीच्या सासरी फोन करून ते नाटक होतं असं दोनदा सांगितलं. सासरचे लोक म्हणे हसले. त्यांना फारसं काही वाटलंच नव्हतं, नवऱ्या मुलाच्या चुलत्यांनी तर साल कशी एका पट्टीत काढलीय म्हणून कौतुक केलं. आपा उठल्या, कुकर लावला. वहिनींनी मला कॉफी विचारली. मी हॉलमध्ये त्या चित्रासमोर उभी राहिले आणि चित्रकाराचा राग करायला लागले. ते सोपं होतं, तो मेलेला होता. त्या टोपीवालीला त्याने चित्र दाखवलं असेल का, तिने 'मला यातून काढा' म्हटलं असेल का, आणि कुणी शिकलेल्या बाईने 'सांगते' म्हणून पुढे काय खाल्लं असेल, कोण जाणे.

आपा लेकीच्या लग्नाला गेल्या त्या खलिफा सिटीला परतल्या नाहीत. "इतकं केलं तिच्यासाठी," वहिनी मंडळात सांगत फिरल्या. काय केलं ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी त्यांच्या घरी जाणं मात्र बंद केलं. त्यांच्या ते लक्षात आलं असेल असं वाटत नाही, कारण पुढच्या कार्यक्रमाला त्यांनी जपानी चहा ठेवला होता आणि त्यासाठी दुसरी टीचर मिळाली होती.

सहा-सात महिन्यांनी कळलं की आपा रोल्लात आहेत. कोकणातल्याच एका कुटुंबाची खाणावळ, आत आपा, हाताखाली तिघी. मी एका दुपारी गेले. माफी मागायचं मनात नव्हतं, भूक होती असं मी स्वतःला सांगितलं. तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण पुढे आलं. गर्दी ओसरल्यावर आपा बाहेर येऊन समोर बसल्या. लेकीला दिवस गेले होते, ते सांगितलं. आतल्या एकीला मीठ कळत नाही, तेही सांगितलं.

बोलता बोलता माझा हात सवयीने पिशवीतल्या चित्रांच्या वहीकडे गेला. त्यांनी ते पाहिलं.

"माझं काढणार?"

मी वही खाली ठेवली. "नाही हो. तुम्ही म्हणाल तरच."

"काढा की. पण थांबा." त्या आत गेल्या. पाच-सात मिनिटं मी बिल ठेवायच्या वाटीतली बडीशेप खात बसले. परत आल्या तेव्हा अंगावर जरीचा काठ असलेली ओढणी, गळ्यात सोन्याची माळ, हातात लेकीने दिलेलं घड्याळ. खुर्ची त्यांनी स्वतः फिरवली. खिडकीकडे नाही, ट्यूबलाइटखाली, सरळ माझ्याकडे तोंड करून. एक हात टेबलावर, मनगटावरचं घड्याळ दिसेल असा.

"खाली बघायचं नाही ना?"

"नाही."

त्या ताठ बसल्या. ट्यूबलाइटने चेहऱ्यावरच्या सगळ्या सावल्या पुसून टाकल्या होत्या. माझ्या बोटांना तो राखाडी उजेड हवा होता, कललेली मान हवी होती, आणि इथे काहीच कलत नव्हतं. जर मी नीट काढली, माळेचे मणी मोजून काढले, घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती तीही काढली. चित्र वाईट झालं. गावाकडच्या फोटो स्टुडिओत भिंतीवर लावतात तसं. कॉलेजात असतं तर मास्तरांनी फाडलं असतं.

आपांनी ते दोन्ही हातांनी धरून बराच वेळ पाहिलं. "माळ जरा मोठी आलीय," त्या म्हणाल्या.

"कमी करू?"

"नको नको. असू द्या."

मी पेन्सिली आवरेपर्यंत त्यांनी फोनवर त्याचा फोटो काढला आणि रत्नागिरीला पाठवून दिला.